म्हातारीचा माळ

जव्हारच्या गादीची गोष्ट बैलाच्या कातड्यापासून सुरू होते. या डोंगरांवर तेव्हा वारली नायकाचा अंमल होता. जयाबा मुकणे त्याच्याकडे आला आणि एका बैलाचं कातडं पुरेल एवढीच जागा त्यानं मागितली. नायक हो म्हणाला. मुकण्यानं कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडली आणि त्या दोरीत डोंगरच्या डोंगर घेतले. इंग्रजांच्या काळात छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही ही कथा आली आहे. जयाबाच्या मुलाला १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून निमशहा हा किताब मिळाला आणि तिथून पुढं सहाशे वर्षं मुकण्यांचं राज्य चाललं. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिर्पामाळावर थांबले. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. एवढा इतिहास जव्हारच्या शाळकरी पोरांना तोंडपाठ असतो. मी स्वतः तो वर्षानुवर्षं शिकवला आहे. त्यात एकही बाई नाही.

आमच्या घरात जमिनीची दुसरी गोष्ट सांगत. ती माझ्या पणजीची. आजी ती सांगायची नागली पाखडताना, चुलीपाशी बसल्यावर, आणि पावसाची झड लागून घराबाहेर पाऊल टाकता यायचं नाही तेव्हा तर हमखास. तिच्या सांगण्यात साल-महिना नसे. छप्पन्नाचा दुष्काळ सरून बरीच वर्षं झाली होती, एवढंच ती म्हणे. तो दुष्काळ १८९९-१९०० चा. म्हणजे पणजी डोंगर चढली ती १९१० च्या आगेमागे, असं मी धरते. पणजीला नाव होतं, आजीनं ते मला सांगितलंही आहे. ते घरचं नाव, म्हणून इथे लिहीत नाही.

पणजीचा संसार आधी खाली, डहाणूकडच्या एका गावात होता. आम्हा वारल्यांत माणसं पुष्कळदा आधी एकत्र राहू लागतात, पोरंबाळं होतात, आणि हातात चार पैसे आले की मग लग्न लागतं. लग्नाचा खर्च तेव्हाही पेलणारा नव्हता. पणजोबानं तो जमीनदाराकडून उचलला. थोडे रुपये, थोडं भात. त्या दिवसापासून तो लग्नगडी झाला, आणि त्याच्याबरोबर तीही. गडी म्हटलं तरी कामाला दोघं लागत. तो नांगरामागे, ती मालकाच्या गोठ्यात, खळ्यावर, कांडणात. कर्ज फिटलं असं कुणी कधी सांगत नसे, कारण हिशेब मालकाच्या वहीत आणि वही मालकाच्या घरात. बायकांना तिथं कसं वागवलं जाई ते आजी पोरांसमोर बोलत नसे. मी मोठी झाल्यावर, मलाही मुलगी झाल्यावर, तिनं एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर उठून गोठ्यात गेली. तेव्हा मला कळलं की पणजी भुकेपोटी गाव सोडून आली नव्हती. तिथं दोन वेळची पेज मिळत होती.

निघायचं तिनं ठरवलं. पणजोबा घाबरत होता. पळालेल्या गड्याला धरून आणत, खांबाला बांधून मारत, हे त्यानं पाहिलेलं. पणजीनं वेळ निवडली ती महालक्ष्मीच्या जत्रेची. विवळवेढ्याला चैत्री पौर्णिमेपासून जत्रा भरते, डोंगरातली सगळी माणसं उतरतात. त्या गर्दीत कोण कुठून आलं आणि कुठं गेलं, हे विचारणारं कुणी नसतं. मालकाला सांगितलं, देवीला जाऊन येतो. देवीला गेलेही. नारळ फोडला आणि मग घराकडे न वळता उगवतीकडे चालू लागले.

बरोबर काय घेतलं, हे आजी बोटांवर मोजून सांगायची. पणजोबाच्या कमरेच्या आकडीला कोयता. तो आमच्या माणसाच्या कमरेला असतोच, कुणाला संशय येत नाही. पानात बांधलेलं मीठ. एका भोपळ्यात नागलीचं बी. आणि दोन पोरं. मोठा मुलगा चालता होता, आजी पाठीशी बांधलेली. कुऱ्हाड घेता आली नाही, याची खंत पणजीला जन्मभर होती म्हणे. सूर्या नदी ओलांडली ती रात्री. दिवसा ओहोळाच्या काठाला, करवंदीच्या जाळीत पडून राहायचं, अंधार पडला की चालायचं. चैत्राचा महिना, ओहोळ सुकलेले. पाठीवरचं पोर रडू लागलं की त्याच्या तोंडात मोहाचं फूल द्यायचं. तळवाड्यापुढं वाट चढू लागली तसा गारवा आला, असं आजी सांगे. ती तेव्हा तान्ही. तिला कुठून आठवणार? पण आईकडून इतक्यांदा ऐकलेलं की ते तिचंच झालं होतं.

जव्हारात ती माणसं थांबली नाहीत. जव्हार हे संस्थान, तिथला कारभार राजाचा. मोखाडा मात्र इंग्रजी मुलखात, ठाणे जिल्ह्यातलं एक पेटं. आज दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात शेजारी शेजारी आहेत, म्हणून ही हद्द आपल्या ध्यानात येत नाही. पळून जाणाऱ्याला ती फार महत्त्वाची. डहाणूच्या मालकाचा माणूस जव्हारच्या मुलखात शोधायला आला असता तर राजाच्या शिपायाची मदत त्याला मिळाली असती की नाही, हे पणजीला माहीत नव्हतं, आणि आजमावून पाहायची तिची तयारी नव्हती. वाघ नदीच्या अंगाला तिच्या आईकडच्या नात्यातली चार घरं होती. तिथवर ती गेली. त्या लोकांनी घरात घेतलं, पेज दिली, आणि समोरची एक टेकडी दाखवली. कारवी, साग, ऐन, मध्ये दगड. म्हणाले, "इथं कर काय करायचं ते. पण जंगल सरकारचं आहे."

जंगल सरकारचं केव्हा झालं? १८७८ च्या वन कायद्यानं. त्याआधी माणसं डोंगर बदलत शेती करत. कवळ तोडायची, वाळवायची, भाजायची, राखेत नागली-वरई पेरायची, दोन-तीन वर्षांनी जमीन थकली की तिला विसावा द्यायचा. कायद्यानं हद्दीचे दगड पुरले आणि आत पाऊल टाकणारा गुन्हेगार झाला. पणजी त्या दगडांच्या आत राहायला आली होती.

पहिलं वर्ष कसं गेलं, ते मी आजीला पुन्हा पुन्हा विचारी. पावसाला दीड महिना उरला होता. कारवीचा कूड, वर सागाची पानं आणि गवत, एवढं घर. कुऱ्हाड मागून आणली, तिच्या बदल्यात पणजीनं त्या घरची आवणी करून दिली. रोपांसाठी राब भाजायला शेण नव्हतं, जनावरच नव्हतं. मग नुसता पाला आणि फांद्या भाजल्या, वरून माती पसरली. पाऊस पडल्यावर भोपळ्यातलं बी टाकलं. रोप वीतभर झालं तसं इरलं पांघरून, वाकून, उतारावर एकेक रोप लावलं. नागलीची लावणी उभ्या पावसातच करावी लागते. पाण्याबरोबर वरची माती घसरते, पाय घसरतो, लावलेलं रोप वाहून जातं आणि तेच पुन्हा लावायचं. हे काम मी लहानपणी केलं आहे, म्हणून सांगते: संध्याकाळी कंबर सरळ करता येत नाही, माणूस चुलीपाशी वाकलेलाच बसतो.

नागली कार्तिकाआधी हाती येत नाही. आषाढ-श्रावण हे उपासाचे महिने. शेवळं संपलेली, कोळूची भाजी संपलेली. उरतो कडूकंद. तो तसा खाल्ला तर माणूस मरेल. चिरून बारीक काप करायचे, राख घालून उकडायचे, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, सकाळी पुन्हा उकडायचे, तेव्हा कडूपणा जातो. कुठला कंद किती उकडायचा हे बायकांना ठाऊक. दुष्काळाच्या सगळ्या सरकारी नोंदींत आदिवासी कंदमुळं खाऊन जगले असं एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीमागं हे सगळं ज्ञान आहे आणि एका बाईची रात्रभराची जाग आहे. त्या पावसाळ्यात मोठा मुलगा हगवणीनं गेला. पणजीनं त्याला टेकडीच्या वरच्या अंगाला पुरलं. तिथं आजही दगड आहे.

तिसऱ्या पावसाळ्यात पणजोबा तापानं गेला. नात्यातल्या एका आतेआजीचं म्हणणं वेगळं. ती सांगे, कूपातला, म्हणजे जंगलातल्या सरकारी तोडीतला, सागाचा ओंडका ओढताना पायावर आला आणि पाय सडला. मला दुसरं खरं वाटतं. कूपाचं काम वेठीचं होतं. जंगलाचा शिपाई आला की उठून जायचं, मजुरी नाही, भाकर घरची. जंगलात राहू देतो, हीच मजुरी. वेठीत मेलेल्या माणसाला ताप आला होता असं सांगणं घरादाराला सोयीचं पडलं असावं.

आमच्यात विधवेला दुसरा संसार करता येतो, कुणी नावं ठेवत नाही. पणजीला विचारणाही झाली. तिनं नाही म्हटलं. कारण आजी एका वाक्यात सांगायची: "ती म्हणली, माळ सोडून कुठं जाऊ?" दुसऱ्याच्या घरी गेली असती तर हा माळ पुन्हा जंगलाचा झाला असता. तो एव्हाना माळ झाला होता. उतारावरची माती दर पावसात खाली जाते हे तिनं पाहिलं आणि दगड वेचून आडवे बांध घालायला लागली. उन्हाळ्यात, जंगलातली मोळी विकून झाल्यावर, दिवसाला चार-पाच दगड. खालचा बांध आधी. त्यामागं माती साचली की त्याच्या वरचा. माझ्या आजीनं पाठीवरून उतरून चालायला शिकल्यापासून आईबरोबर दगड उचलले. दोघींनी मिळून बांधलेल्या त्या पायऱ्यांवर पुढं भात होऊ लागला. त्या दगडांत चुना नाही, माती नाही. नुसते एकात एक बसवलेले आहेत, आणि शंभर पावसाळे त्यांवरून गेले आहेत.

शिपायाला कोंबडी द्यावी लागे. कधी तांदूळ. पावती नाही, कागद नाही. ज्या वर्षी कोंबडी नसे त्या वर्षी उभं पीक तुडवलं जाई. पणजी दुसऱ्या वर्षी पुन्हा लावणी करी.

खाली डहाणू-उंबरगावात काय चाललं होतं, ते पुढं सरकारच्याच माणसानं लिहून ठेवलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या आदिवासी भागांचा अहवाल दिला. लग्नाच्या कर्जापोटी बांधले गेलेले गडी, वेठ, मारहाण, बायकांवरची जबरदस्ती, सगळं त्यात आहे. अहवालानं गडी सुटले नाहीत. ते सुटले २३ मे १९४५ ला उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी जमलेल्या आदिवासींनी वेठ करणार नाही असं ठरवल्यावर. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तळवाड्याला जमावावर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे आदिवासी मारले गेले. ज्या वाटेनं पणजी तान्ह्या पोरीला घेऊन चढली, तीच ही तळवाड्याची वाट. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी वाचलं तेव्हा आजीला त्यातलं लग्नगड्यांचं प्रकरण वाचून दाखवलं. तिनं मध्येच थांबवलं. म्हणाली, "बाईनं खरं लिव्हलंय. आता पुरे."

पणजी गेली ती स्वातंत्र्याच्या आसपास. माळ आजीकडे आला, आणि कष्टांचं रूप तेवढं बदललं. दिवाळी झाली की आमच्या पाड्यातली घरं रिकामी होऊ लागली. माणसं जगायला जात, गवत कापायला, वीटभट्टीवर, रेतीवर. भिवंडी, वसई, कल्याणच्या अंगाला. होळीला दोन दिवस येत, परत जात, आणि पाऊस तोंडावर आला की लावणीसाठी डोंगर चढत. आजीनं भट्टीवर दोन बाळंतपणं केली. हा प्रकार आजही बंद झालेला नाही. जव्हार-मोखाड्यात दिवाळीनंतर शाळेच्या हजेरीपटावर पोरांच्या नावापुढे ‘स्थलांतर’ लिहिताना मी नोकरीची सारी वर्षं काढली.

आणि पाणी. मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, तो उतारावरून वैतरणेला जातो, आणि वैतरणा मुंबईला. तालुक्यातल्या कोचाळ्याला मध्य वैतरणेचं १०२ मीटर उंचीचं धरण उभं आहे. मुंबईला रोज ४५ कोटी लिटरहून जास्त पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत बायका रात्री झिऱ्यापाशी वाटीनं हंडा भरत बसतात, टँकरची वाट पाहतात. पणजीचा झिरा अजून आहे. त्याला आता कडं बांधलं आहे, पण वैशाखात तो तसाच आटतो.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं कुपोषणानं दगावली. मुंबईहून पत्रकार आले, मंत्री आले, मुख्यमंत्री आले. जव्हारचं नाव पहिल्यांदाच साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आलं. आजी तेव्हा होती, डोळ्यांनी अधू झालेली. मी पेपर वाचून दाखवला. तिनं विचारलं, "पोरं आताच मरायला लागली का गं?" तिचा रोख मला लगेच समजला. टेकडीच्या वरच्या अंगाला पुरलेल्या तिच्या भावासाठी कुणी आलं नव्हतं.

तेव्हापासून मी तिचं सांगणं वहीत उतरवू लागले. पुढं मला अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांविषयी वाचायला मिळालं. त्यांच्या पंथाचा छळ झाला म्हणून १८४६-४७ मध्ये ते घरंदारं सोडून पश्चिमेकडे निघाले आणि २४ जुलै १८४७ ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. पुढं १८५६ मध्ये, बैलगाडी परवडत नाही म्हणून, बायकापोरांसह माणसं सामान हातगाडीवर ओढत दोन हजार किलोमीटर चालली. दोन तांडे ऑक्टोबरच्या बर्फात सापडून दोनशेहून जास्त माणसं मेली. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना आज आपली पणजी कुठल्या तांड्यात होती, कुठली नदी ओलांडताना तिनं काय गमावलं, हे माहीत आहे, कारण त्यातल्या कितीतरी बायका लिहू शकत होत्या आणि पंथानं ते लिखाण जपलं. २४ जुलैला युटात सुट्टी असते. ते वाचताना मला हेवा वाटला, आणि त्याच वेळी हेही ध्यानात आलं की त्यांनी वसवलेली भूमी युट आणि शोशोनी लोकांची होती. त्या लोकांच्या आज्यांच्या गोष्टी कुणी लिहिल्या असतील? वारली नायकाच्या लेकी मला त्यांच्या जवळच्या वाटतात.

आमच्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. सात-बारावर बाईचं नाव नाही, कारण सात-बाराच नाही. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते, ती बाई. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं सवासिनी लिहितात. पीक देणारी कणसरी ही देवीच. इतकं सगळं बाईच्या हातचं असलेल्या समाजात माळावरच्या बाईची सरकारदरबारी नोंद म्हणून एक ओळ नव्हती. दंडाची पावती असती तरी उपयोग झाला असता. पण शिपायानं कोंबडी नेली, पावती दिली नाही.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन आदिवासीच्या नावे करण्याची तरतूद त्यात आहे. २००८ च्या नियमांत पुरावे कुठले चालतील त्याची यादी आहे, आणि ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कागद हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. शेताचे बांध, जमीन सपाट केल्याच्या खुणा पुरावा म्हणून चालतात. विहीर, पुरण्याची जागा, देवाची जागा चालते. वंशावळ चालते. आणि दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्याचं तोंडी सांगणं, लिहून घेतलेलं, तेही चालतं. आजीच्या गोष्टी कायद्यानं पुरावा मानल्या होत्या.

आजी तोवर राहिली नव्हती. दावा माझ्या भावाचा. जबाब दिला शेजारच्या पाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं. ग्रामसभेत, वनहक्क समितीसमोर तो म्हणाला, "हा म्हातारीचा माळ. माझा बा सांगायचा, म्हातारी पोरीला पाठीला बांधून खालनं आली. बांध तिनं घातलेत." समितीतल्या पोरानं ते जसंच्या तसं लिहिलं. मग सगळे माळावर गेले. बांध मोजले. वरच्या अंगाचा दगड पाहिला. झिरा पाहिला. वंशावळीच्या तक्त्यात लिहिणाऱ्यानं पणजोबापासून सुरुवात केली होती. मी तो तक्ता मागून घेतला आणि पणजीचं नाव त्यात वर घातलं, कारण माळ तिनं राखला. कुणी हरकत घेतली नाही.

मागितला तेवढा माळ मिळाला नाही, कमी मिळाला. वरचा एक बांध मोजणीबाहेर राहिला आहे. त्याच्यासाठी आम्ही अजून अर्ज करतो आहोत. पण कायदा सांगतो की दावेदार विवाहित असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. पट्ट्यावर माझ्या भावजयीचं नाव आहे. या माळासाठी सरकारनं दिलेल्या कागदावर आलेलं बाईचं ते पहिलं नाव.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूकडचे कितीतरी दावे अजून पडून आहेत, आणि ज्यांना खालून वर आलेली माणसं आठवतात ती म्हातारी माणसं दर पावसाळ्यात कमी होत आहेत. ज्यांच्या घरी असा कुणी आहे त्यांनी यंदाच्या लावणीआधी त्याच्यापाशी बसावं. तो सांगेल ते तारीख घालून लिहून घ्यावं, ग्रामसभेत वाचावं, खाली त्याचा अंगठा किंवा सही घ्यावी. आणि वंशावळ लिहायला घ्याल तेव्हा आईचं, आजीचं, पणजीचं नाव विचारून घाला. ते सांगणारं माणूस गेलं की ते नाव दुसऱ्या कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.